बहात्तराव्या तासाची नळी

"बाई, मिनिटाला दहा," इमामभाई म्हणाले.

लेकीच्या खाटेशेजारी ते स्टुलावर बसले होते. डावा हात तिच्या पोटावर, उजव्या हातात माझं मनगटी घड्याळ. सकाळी मीच ते काढून दिलं होतं. श्वास कसे मोजायचे हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या औषधशास्त्र विभागाचं प्राणिघर ते वीस वर्षं सांभाळत होते, आणि गुंगी दिलेल्या सशाच्या पोटावर हात ठेवून, डोळे मिटून ते श्वास मोजायचे. तसाच हात आता जैबूच्या पोटावर होता.

"काल संध्याकाळी किती होते?"

"बारा. त्याच्या आदल्या दिवशी पंधरा." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "सशाचे असे उतरले असते, तर मी साहेबांना न विचारता औषध थांबवलं असतं. मग शिव्या खाल्ल्या असत्या."

 जैबूचं नाक चिमटीत धरलं, कानाची पाळी दाबली. कपाळावर एक आठी उमटली आणि विरून गेली. बस, तेवढंच.

सतरा वर्षांची पोर. नऊ वर्षांची असल्यापासून तिला आकडी यायची. एकदा चुलीपुढेच आली, आणि डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग राहिला. शाळा सुटली, विहिरीवर जाणं सुटलं. नवं औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवसापासून आकडी बंद झाली. चार दिवस ती खाटेवर बसून केस विंचरायची आणि माझी चेष्टा करायची. "सिस्टर, ही टोपी डोक्यावर ठेवायला किती टाचण्या लागतात? वारा आला तर काय करता?" सहाव्या दिवशी तिची जीभ जड झाली. सातव्या दिवशी उभी राहिली ती भिंत धरूनच. आठव्या दिवशी दुपारी झोपली ती उठलीच नाही. हा नववा दिवस होता.

औषधाला अजून नाव नव्हतं. आम्ही त्याला 'सत्तावीस नंबर' म्हणायचो. सकाळी सहाला एक गोळी, दुपारी दोनला एक, रात्री दहाला एक.

दहा वाजता डॉक्टर टिपणीस आले. आमचे विभागप्रमुख. उंच, किंचित वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी एक लाकडी पट्टी. त्यांनी जैबूच्या पापण्या उचलून पाहिल्या, गुडघ्यावर हातोडी मारली.

"मेंदूला सूज असावी," ते म्हणाले. "आजाराचाच भाग आहे. उद्या पाठीतलं पाणी काढून बघू."

"सर," मी म्हणाले, "औषधाने तर नसेल?"

ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून घडी घातलेला आलेखाचा कागद काढला आणि खाटेच्या कडेवर पसरला. त्यावर सहा जणांच्या रक्ताचे ठिपके होते, आणि ठिपक्यांमधून पट्टीने ओढलेली एक सरळ उतरती रेघ.

"हे बघा सिस्टर. चोवीस तासांत किती खाली आलंय. सात तासांनी रक्तातलं औषध निम्मं होतं, पुढच्या सात तासांनी त्याच्याही निम्मं. आपण आठ तासांनी गोळी देतोय. साचेल कुठून?"

इमामभाईंनी डोळे उघडले. "साहेब, दोनची गोळी नका देऊ."

"इमाम, गोळी बंद केली आणि आकडी आली, तर या अवस्थेत तिला ती झेपायची नाही. ते चालेल तुला?"

"मला काय चालेल ते तुम्हाला ठाऊक आहे, साहेब."

टिपणीस सरांनी आलेखाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोनची गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून द्या."

ते गेले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. इमामभाईंचा हात पुन्हा पोटावर गेला. मी औषधांच्या कपाटाकडे वळले. त्या आलेखाच्या कागदाकडे बघताना मला एक गोष्ट आठवली होती. ती आठवली नसती तर बरं झालं असतं, असंही त्याच क्षणी वाटून गेलं.

*

चार महिन्यांपूर्वीची, भाद्रपदातली गोष्ट.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सहा जणांना सत्तावीस नंबरची एकेक गोळी दिली होती. सहाही धडधाकट माणसं. दोन विद्यार्थी, तीन आमचे कर्मचारी आणि सहावे इमामभाई. गोळी गिळल्यावर ठरलेल्या तासांना त्यांचं रक्त काढायचं आणि औषध किती वेगाने उतरतं ते पाहायचं. अर्ध्या तासाने, एका तासाने, असं करत चोवीस तासांपर्यंत. त्यानंतर अठ्ठेचाळिसावा तास आणि शेवटचा बहात्तरावा. रक्त काढायचं काम माझं होतं. मी आदल्या दिवशीच चिकटपट्टीच्या तुकड्यांवर प्रत्येकाचं नाव आणि तास लिहून नळ्यांना लावून ठेवले होते. लाकडी स्टँडमध्ये नळ्यांच्या ओळी कशा शाळेतल्या मुलांसारख्या उभ्या होत्या.

तारखा ठरवताना इंग्रजी कॅलेंडर पाहिलं होतं. बहात्तरावा तास गौरीजेवणाच्या सकाळी येतोय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते ध्यानात आलं तेव्हा पहिल्या दिवसाची संध्याकाळ झाली होती आणि सहाही जण मागच्या हॉलमध्ये खाटांवर पडून होते. एकाची आई वाट बघत होती, एकाच्या घरी पहिल्या वर्षाच्या गौरी होत्या. मग अर्ज गेला. चोवीस तासांनंतर आम्हाला घरी सोडावं. खाली सह्या.

टिपणीस सरांनी अर्ज वाचला. त्यांच्याही घरी गौरी होत्या. दुसऱ्या दिवशी चोवीस तासांचे आकडे हातात आल्यावर ते म्हणाले, "रक्तात आता फारसं उरलंच नाहीये. पुढे मोजायचं काय?" आणि तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळींवर त्यांनी लाल पेन्सिल फिरवली.

गौरीजेवणाच्या दिवशी विभागात मी एकटी होते. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. सणावाराची ड्युटी वर्षानुवर्षं माझ्याकडेच यायची, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या तासाच्या नळ्या आदल्या दिवशीच आवरल्या होत्या, आता स्टँडमधल्या बहात्तराव्याच्या आवराव्यात म्हणून मी एकेकीवरची चिकटपट्टी सोलत बसले.

हे सोलणं साधं नव्हतं. मी ज्या मिशन हॉस्पिटलात शिकले, तिथे नाव लिहिलेली नळी कुणी रिकामी ठेवत नसे. नाव घातलंय आणि रक्त नाही, याचा अर्थ तिथे एकच होता. सुई पोचायच्या आत पेशंट गेला. आम्ही पोरी अशा नळीला हात लावायला घाबरायचो. रक्त घ्यायचंच नसेल तर आधी नाव काढायचं, आणि काढताना त्या माणसाच्या नावाने मनात प्रार्थना म्हणायची. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण आमच्या हातांत मुरलेलं होतं.

पाच जणांची नावं मी सोलली, पाच प्रार्थना म्हटल्या. सहावी नळी हातात घेतली आणि दारातून आवाज आला.

"सगळं गाव पुरणपोळ्या खातंय आणि साळवेबाई नळ्या सोलतायत."

इमामभाई होते. हातात कोबीच्या पाल्याची पाटी.

"तुम्ही नाही गेलात कुठे?"

"माझ्या घरी कुठल्या आल्या गौरी? माझे आपले ससे. त्यांनाही सुट्टी नसते, मलाही नसते." पाटी खाली ठेवून ते जवळ आले. "ही माझी का?"

"तुमचीच."

"रिकामी का मग?"

"साहेबांनी नको म्हटलंय."

"नाव माझं, रक्त माझं. साहेबांचं काय जातंय त्यात?" ते स्टुलावर बसले आणि बाही वर करू लागले. "भरा. रिकाम्या भांड्यावर आपलं नाव बघायला मला नाही आवडत."

त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मी घड्याळ पाहिलं. नऊला पाच मिनिटं कमी होती. नऊच्या ठोक्याला मी सुई घातली.

नळी भरत असताना ते म्हणाले, "आठ वर्षं झाली पोरीला आकडी येतेय. साहेबांना सांगितलंय, आधी माझ्या अंगात जाऊ दे. मला काही झालं नाही तर तिला द्या."

रक्त यंत्रात फिरवून वरचं पाणी मी वेगळं केलं, छोट्या नळीत भरलं, आणि बर्फाच्या कपाटात अगदी तळाशी, जुन्या डब्यांच्या मागे ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. तक्त्यावरची ओळ तर खोडलेली होती. लिहिणार कुठे?

*

मी बर्फाच्या कपाटाचं झाकण उघडलं. दुष्काळाचं वर्ष होतं ते, वीज सारखी जायची. आतला बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, डबे एकमेकांना चिकटलेले. चमच्याच्या दांड्याने फोडत फोडत मी तळाशी गेले. एक डबा, दुसरा डबा. मागे काहीच दिसेना. कुणी साफसफाईत फेकून दिली असेल, असं वाटलं आणि खरं सांगायचं तर क्षणभर हायसं वाटलं. नळीच नाही म्हटल्यावर मला कुणापुढे उभं राहायला नको होतं.

मग बर्फाच्या एका पापुद्र्याआड चिकटपट्टीचं टोक दिसलं. शाई पसरली होती. तरी वाचता येत होतं. मुजावर, ७२. इमामभाईंचीच.

मुठीत ती घेऊन मी टिपणीस सरांच्या दाराशी गेले आणि तिथेच थांबले. विनापरवानगी रक्त काढलं म्हणून नोकरी जाईल, ही भीती होतीच. नगरला धाकटी दोन भावंडं माझ्या मनिऑर्डरवर शिकत होती. पण दार ढकलायला हात उठत नव्हता तो त्यामुळे नाही. या नळीत काही निघालं, तर नऊ दिवस आम्ही त्या पोरीला काय केलं, ते कळणार होतं. आणि काहीच निघालं नाही, तर दोन वाजता मला माझ्या हाताने ती गोळी द्यायची होती.

मूठ बधिर झाली तेव्हा मी दार ढकललं.

"हे काय आहे?"

"इमामभाईंचं रक्त, सर. बहात्तराव्या तासाचं."

त्यांनी नळी उजेडात धरली. "मी ती ओळ खोडली होती."

"हो, सर."

"मग काढायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का काढलं?"

मिशन हॉस्पिटलातली गोष्ट त्यांना काय सांगणार? "नळी रिकामी होती, सर."

 त्यांनी नळी टेबलावर ठेवली. "चार महिने झाले, सिस्टर. किती वेळा वितळलं असेल, किती वेळा गोठलं असेल. त्यातून येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही."

"अर्थ नसेल तर टाकून द्या, सर," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "पण मोजून टाका."

ते उठले. मला वाटलं, आता दार दाखवतील. त्यांनी खुंटीवरचा पांढरा कोट घेतला आणि प्रयोगशाळेचा दिवा लावला.

मोजायला अडीच तास लागायचे. नळीत एक द्रव घाला, हलवा, थर बसू द्या, वरचा उचला, पुन्हा हलवा. मध्ये दोनदा मी वॉर्डात धावत जाऊन आले. पहिल्यांदा इमामभाई म्हणाले, "दहा." दुसऱ्यांदा नुसती नऊ बोटं दाखवली. माझं कपाळ घामेजलेलं त्यांनी पाहिलं. कुठे जाते, काय करते, एका शब्दाने विचारलं नाही.

एक वाजून गेल्यावर यंत्राचा काटा हलला आणि एका जागी थांबला. टिपणीस सरांनी आकडा लिहिला. नळी काढून पुन्हा ठेवली, पुन्हा वाचला. काटा शून्यावर आणून तिसऱ्यांदा वाचला. मग खिशातला आलेखाचा कागद पसरला, आणि तेव्हा मला दिसलं की कागद चोवीस तासांपाशीच संपत होता. बहात्तरावा तास मांडायला त्यावर जागाच नव्हती. त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला, त्याच्या कडेला डिंक लावला आणि पहिल्याला जोडला. पट्टी ठेवून आपली जुनी रेघ पुढे नेली. ती घसरत घसरत जोडकागदाच्या तळाशी गेली आणि कागदाबाहेर पडली.

मग त्यांनी नवा ठिपका मांडला.

तो रेघेच्या कितीतरी वर होता. चोवीस तासांच्या ठिपक्याहून किंचित खाली, आणि तळाच्या रेघेपासून इतका उंच की मला वाटलं त्यांचा हात चुकला. त्यांनी ते दोन ठिपके पट्टीने जोडले. रेघ जवळजवळ आडवी आली.

"ते गेलंच नव्हतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "रक्तातून उतरलं आणि अंगात जाऊन बसलं. चरबीत, मांसात. तिथून थेंब थेंब परत येत राहिलं. आणि आपण चोवीस तासांत उठून गेलो."

"निम्मं व्हायला किती वेळ लागतो, सर?"

"सत्तर तास." त्यांनी चष्मा काढला. "सात नाहीत, सत्तर. आतापर्यंत गोळ्या किती झाल्या?"

"पंचवीस."

"त्यातल्या निम्म्या अजून तिच्या अंगात आहेत."

आम्ही दोघं वॉर्डात आलो तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. टिपणीस सरांनी ट्रेमधली गोळी उचलून खिशात टाकली. इमामभाईंनी ते पाहिलं.

"आता काय द्यायचं, साहेब?"

"काही नाही. याला उतारा नाही, इमाम. वाट बघायची. आज बंद केलं तरी निम्मं व्हायला तीन दिवस जातील. श्वास थांबला तर आपण द्यायचा." खाटेशी त्यांनी ऑक्सिजनचा सिलिंडर आणि रबरी फुगा आणवला, आणि स्वतःची खुर्चीही तिथेच आणवली.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. आधी निदान ठाऊक नव्हतं. आता कागदावर रेघ होती आणि ती किती सावकाश उतरते ते आम्ही तिघंही जाणत होतो. संध्याकाळी श्वास आठांवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात. सातावर आल्यावर दोन श्वासांच्या मधे इतका वेळ जायचा की इमामभाईंचा हात पोटावर दबला जायचा, जणू ते आतून श्वास ओढून काढणार होते. मग पोट उचलायचं आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. टिपणीस सरांची दाढी वाढली. एकदा ते मला म्हणाले, "सिस्टर, फुगा तुमच्याजवळच ठेवा. माझा हात कापतोय." इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःबद्दल सांगितलेली ती एकुलती एक गोष्ट.

तिसऱ्या दिवशी आठ. मग दहा. चौथ्या दिवशी सकाळी मी चादर बदलत होते, आणि खाटेवरून घोगरा आवाज आला.

"अब्बा, हात काढा. गुदगुल्या होतात."

इमामभाईंनी हात काढला नाही. तसाच ठेवून मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. जैबूने माझ्याकडे बघून विचारलं, "सिस्टर, यांना काय झालं?"

*

टिपणीस सरांनी जैबूसाठी नवा तक्ता केला. चौदा दिवस, रोज सकाळी नऊला एक नळी. शेवटच्या ओळीपर्यंत. चिकटपट्ट्या मी लिहिल्या.

तक्त्याच्या बाराव्या दिवशी ती वॉर्डभर हिंडत होती आणि माझ्या टोपीच्या टाचण्या मोजून झाल्या होत्या. आकडी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी बकरी ईद. तिची आई डबा घेऊन आली, म्हणाली, "उद्या तरी घरी चल गं." जैबूने बापाकडे पाहिलं. टिपणीस सरांनी तक्त्यावरून नजर फिरवली. अंदाज आला होता, रेघ जुळत होती.

"जाऊ द्या तिला," ते म्हणाले. "सण आहे. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"नाही, साहेब," इमामभाई म्हणाले. "दोन नळ्या रिकाम्या आहेत."

जैबू रुसली. आई पुटपुटत गेली. इमामभाई हलले नाहीत.

ईदच्या सकाळी ते नमाज पढून नव्या पांढऱ्या सदऱ्यात थेट वॉर्डात आले. जैबू अजून झोपेत होती, साधी, रोजची झोप. मी ट्रेमध्ये सुई मांडत होते. ज्या गोष्टीने मला इतक्या रात्री झोप लागू दिली नव्हती, ती सांगायला त्याहून बरी वेळ मिळणार नव्हती.

"इमामभाई," मी म्हणाले, "तो गौरीचा अर्ज. चोवीस तासांनी सोडा म्हणून. तो मी लिहिला होता. पोरं खाटांवर पडून कुरकुरत होती, त्यांना कुणाला सुचलं नव्हतं. मीच म्हटलं, अर्ज करा, साहेब नाही म्हणणार नाहीत. मीच कागद आणला. त्या दोन ओळी माझ्यामुळे गेल्या."

 मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि पुन्हा माझं तोंड बघणार नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "अक्षर तुमचं होतं. खाली सहा सह्या होत्या."

"हो."

"सगळ्यात शेवटची उर्दूत होती."

मी सुई खाली ठेवली. ती सही मला दिसत होती, उजवीकडून डावीकडे गेलेली. सहा सह्यांशिवाय अर्ज द्यायचा नाही असं ठरलं होतं, आणि मी तो सगळ्यात शेवटी त्यांच्या खाटेशी नेला होता.

"मला कुठे जायचं होतं, बाई?" ते म्हणाले. "मी आपला पडलो असतो तीन दिवस. पण पाच जणांचा सण होता. म्हटलं, आपल्या एकट्यापायी त्यांचा कशाला अडवायचा." त्यांनी जैबूच्या अंगावरची चादर सारखी केली. "तुमची ती नळी मोजून साहेबांनी गोळी थांबवली ना, त्या दिवशीच माझ्या ध्यानात आलं, त्या दोन ओळी माझ्याही सहीने गेल्या. तेव्हापासून एकेक नळी मोजतोय मी."

बाहेर कुणीतरी कुणाला ईद मुबारक म्हणत होतं. इमामभाईंनी लेकीचा डावा हात हळूच उचलला, डाग असलेला, आणि बाही कोपरापर्यंत वर सरकवली. माझं घड्याळ अजून त्यांच्याकडेच होतं. त्यांनी ते पाहिलं.

"घ्या," ते म्हणाले. "नऊ वाजले."